दासगणूंची ओवी

दासगणू महाराजांचे मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. त्यांचा जन्म १८६८ साली नगर जिल्ह्यातील अकोळनेर येथे झाला. पोलिसात शिपाई असताना त्यांना तमाशाचा भारी नाद. लावण्या ते सहज रचीत. कोणत्या शब्दांना कोणती चाल शोभते, हे त्यांना तेथेच उमगले असावे. पुढे शिर्डीच्या साईबाबांचा सहवास घडला आणि नोकरी सोडून ते कीर्तनाला उभे राहिले. एकदा अंगरखा, उपरणे, फेटा असा थाट करून ते निघाले, तेव्हा बाबांनी तो उतरवायला लावला. त्यानंतर ते उघड्या अंगाने, हाती चिपळ्या घेऊनच कीर्तन करीत.

नारदीय कीर्तनात शोकाच्या प्रसंगी संथ दिंडी म्हणतात. लढाईचे वर्णन आले की कटाव धावू लागतो. दासगणूंना हे सारे अवगत होते. तरीही बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या गजानन महाराजांचे चरित्र १९३९ साली रचताना त्यांनी साधी ओवीच घेतली. तिच्या तीन चरणांना यमक असते, चौथा आखूड. तेथे वाचणाऱ्याचा आवाज विसावतो आणि अर्थ मनात उतरतो. तिला ना पेटी लागते, ना तयारीचा गळा.

दासगणूंचे निधन १९६२ साली पंढरपुरी झाले. त्यांच्या एकवीस अध्यायांच्या ग्रंथाचे पारायण आजही घरोघरी चालते. वडील माणसांच्या मागोमाग मुलेही ती चाल उचलतात. कोणी शिकवावी लागत नाही.