धुळ्याचे ज्योतिर्विद शिक्षक

भारतीय ज्योतिषाचा साक्षेपी व समग्र इतिहास मराठीत लिहिला गेला, आणि तो एका शाळामास्तरांनी लिहिला. त्या मास्तरांच्या आयुष्यातील मोलाची वर्षे धुळ्यात गेली, याची आठवण मात्र खानदेशातही फारशी उरलेली नाही.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षक होऊन बाहेर पडल्यावर रेवदंडा, ठाणे, बार्शी अशा बदल्या होत १८८९ मध्ये ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात आले आणि १८९४ पर्यंत तेथे राहिले. विद्यापीठाची पदवी नव्हती, वेधशाळाही नव्हती. तथापि १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या गुप्त शिलालेखांच्या ग्रंथात फ्लीटसारख्या विद्वानाने कालनिर्णयासाठी त्यांच्याच गणिताचा आधार घेतला होता. सामान्य वाचकांना तारे ओळखावयास शिकविणारे 'ज्योतिर्विलास' हे पुस्तक धुळ्याच्या वास्तव्यातच प्रसिद्ध झाले.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध कृत्तिकांविषयीचा. फिरत्या भोवऱ्याचा आस डुलावा तसा पृथ्वीचा आसही डुलतो. विषुववृत्ताशी फुगलेल्या पृथ्वीवर सूर्यचंद्रांची ओढ पडते आणि सुमारे २६ हजार वर्षांत तो आस एक फेरा पुरा करतो. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याची जागा हळूहळू सरकत जाते. आज कृत्तिका पूर्वबिंदूच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. शतपथ ब्राह्मणात मात्र त्या पूर्वेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख आहे. या फरकावरून दीक्षितांनी त्या उल्लेखाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. त्या वचनाचा इतका काटेकोर अर्थ घ्यावा काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु विचाराची रीत अस्सल शास्त्रीय होती.

हीच रीत आज थोरल्या ग्रहांच्या अभ्यासात दिसते. शनीच्या पोटात कोणतेही यान उतरून गाभा पाहू शकत नाही. पण नादावरून घंटेची घडण ताडावी, तसा अंतर्गत स्पंदनांवरून ग्रहाचा गाभा ताडता येतो. शनीची स्पंदने त्याच्या कड्यांत लाटा उठवितात. कॅसिनी यानाने टिपलेल्या त्या लाटांवरून २०२१ साली अभ्यासकांनी निष्कर्ष काढला, की त्याचा गाभा एखाद्या घट्ट गोळ्यासारखा नसून त्रिज्येच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत विरळ होत पसरलेला आहे. जेथे पोहोचता येत नाही तेथील वृत्त सूक्ष्म हालचालींवरून काढावयाचे, हे सूत्र दोन्हीकडे एकच. शास्त्रज्ञांना ग्रहाच्या पोटात शिरावयाचे होते, दीक्षितांना भूतकाळात.

१८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध झाला. १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. पुढे त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर भारत सरकारने प्रसिद्ध केले. बदल्या, तुटपुंजी साधने आणि सवडीचा अभाव ही सबब तेव्हाही सांगता आली असती. दीक्षितांनी ती सांगितली नाही. धुळ्याच्या शाळांनी हिवाळ्यातील एका संध्याकाळी मुलांना मोकळ्या मैदानात नेऊन कृत्तिका दाखवाव्यात आणि दीक्षितांचे नाव सांगावे. त्यांचे याहून उचित स्मारक दुसरे नाही.