आयडिया रिजेक्ट झाली की काय करायचं? स्वामी रामानंद तीर्थांची गोष्ट

प्रपोजल नीट लिहिलंय, डेमो चालतोय, तरी मीटिंगमध्ये टीम आणि मॅनेजर दोघंही नको म्हणतात. मग आपण एक तर गप्प बसतो, नाहीतर दुसरी नोकरी शोधायला लागतो. नांदेड-लातूरकडच्या हजारो मुलांच्या डिग्रीवर ज्यांचं नाव असतं, त्या स्वामी रामानंद तीर्थांनी या दोन्हींपेक्षा वेगळं केलं.

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करून ते १९२९ मध्ये हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. पुढे संन्यास घेतला. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

१९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. दोनच महिन्यांत गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबला. बंदी मात्र कायम! अनेक कार्यकर्त्यांना हे रुचलं नाही. स्वामीजींनी निर्णय पाळला, पण विषय सोडला नाही. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह करून ते पुन्हा तुरुंगात गेले. बंदी उठली १९४६ मध्ये.

पुढची अडचण सहकाऱ्यांची. मवाळ गटाला तडजोड हवी होती, स्वामीजींना भारतात विलीनीकरण. अध्यक्षपदासाठी त्यांनी बुर्गुल रामकृष्णरावांना थोडक्या मतांनी हरवलं. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. पण १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाले बुर्गुल. स्वामीजी त्याच पक्षात राहून लोकसभेत गेले.

आता त्यांचं म्हणणं होतं, की हैदराबादचे भाषेप्रमाणे तीन भाग करा. नेहरूंना हे राज्य मोडायला नको होतं. म्हणजे थेट टॉप लेव्हलचा नकार. तरीही स्वामीजी मागणी मांडत राहिले. १९५३ च्या शेवटी राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. मधल्या काळात, १९५० मध्ये, त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेजही सुरू झालं होतं.

१९७२ मध्ये ते गेले. नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं.

आपल्या ऑफिसात यातलं काय चालेल? नकार आला की त्याचं कारण लिहून ठेवा. ठरलेलं काम मनापासून करा. कारण बदललं, नवा डेटा आला, की तोच मुद्दा परत मांडा. काही आयडिया खरंच चुकीच्या असतात, तेही या नोंदींतूनच कळतं.