भयमुक्तीचे गुरुजी : स्वामी रामानंद तीर्थ

अंबाजोगाई (जि. बीड) : निजामी राजवटीत मराठवाड्याच्या माणसाला सर्वांत आधी शिकावे लागले ते मान वर करून बोलणे. हा धडा देणाऱ्यांत स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. ना. म. जोशी यांच्यासोबत कामगार चळवळीत काम केल्यानंतर १९२९ मध्ये ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत दाखल झाले. तेथेच त्यांनी संन्यास घेतला. मात्र त्यांच्या भगव्या वस्त्रांनी जगाकडे पाठ फिरवली नाही. १९३५ मध्ये ते सहकाऱ्यांसह तेव्हाच्या मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली.

संस्थानात सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. गश्ती निशाण ५३ या फर्मानामुळे सभेसाठीही परवानगी घ्यावी लागे. अशा वातावरणात मातृभाषेतून शिकणारा विद्यार्थी निर्भयपणे प्रश्न विचारू लागणे, हीच मोठी क्रांती होती. शाळेतला हा आत्मविश्वास पुढे महाराष्ट्र परिषदेच्या व्यासपीठावर पोहोचला. अर्जविनंत्यांवर भिस्त ठेवणाऱ्या नेमस्तांशी त्यांचे मतभेद झाले, पण आपले मत त्यांनी लपवले नाही.

ऑक्टोबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी मोडून त्यांनी सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गांधीजींच्या सल्ल्यावरून हा सत्याग्रह स्थगित झाला. तो निर्णय त्यांनी शिस्तीने मानला. निर्भयता म्हणजे हट्ट नव्हे, हे त्यांच्या आचरणातून दिसले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकवल्यावर त्यांना पुन्हा अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

पुढे ते दोनदा लोकसभेवर निवडून गेले. भाषावार प्रांतरचनेसाठी त्यांनी हैदराबाद राज्याच्या विभाजनाचा आग्रह धरला. मंत्रिपदाच्या मोहापासून मात्र ते दूर राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडचे विद्यापीठ आज त्यांचे नाव मिरवते. पण त्यांचे खरे स्मारक आहे ते सत्तेपुढे न अडखळता बोलणारा सामान्य माणूस.