सुधारकाग्रणी आगरकर

देवाधर्माचा धाक नसेल तर माणूस नीतीने कशाला वागेल, असे आपण बायका मुलांना वाढवताना नेहमी म्हणतो. भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्यानेच दिले, त्या गोपाळ गणेश आगरकरांची ही थोडक्यात ओळख.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे हाल काढीत ते पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. तेथे अंगावर एकच सदरा. तो रात्री धुवायचा नि सकाळी घालायचा, असे सांगतात. आता मुलगा मोठ्या पगारावर चढेल ही आईची आशा. पण पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकहितासाठी देणार, असे त्यांनी आईला पत्राने कळवले. त्या माउलीला काय वाटले असेल! दिलेला शब्द मात्र त्यांनी जन्मभर पाळला.

ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, १८८१ साली ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणेवरून मतभेद झाले, तेव्हा १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला.

आगरकर देव मानीत नसत. मग त्यांची नीती कशावर उभी होती? बालविवाह आणि विधवांचे केशवपन यांवर त्यांनी कडाडून लिहिले. विरोधक शास्त्राची पोथी उघडीत. आगरकर त्या कोवळ्या मुलीचे दुःख पुढे ठेवीत. लिहिले आहे म्हणून क्रूर गोष्ट चांगली ठरत नाही, हे त्यांचे म्हणणे. कोणी म्हणेल, पोथी सोडली तर जो तो आपल्या सोयीचे माप लावील. ही शंका खोटी नाही. पण आगरकरांचे माप सोयीचे नव्हते. माणसाचे सुखदुःख कोणालाही दिसते, त्यावर चारचौघांत वाद करता येतो, आणि पुरुषाला जो न्याय तोच स्त्रीला लावावा लागतो.

या मापाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरले होते, तरी लेखणी थांबली नाही. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या देवपूजेला मात्र त्यांनी कधी आडकाठी केली नाही.

१८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, ते गेले. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैशांची पुडी बाजूला ठेवली होती, असे सांगतात. त्यांना ना स्वर्गाची आशा होती, ना नरकाची भीती.

आपण सांजवात लावतो, ती लावूच. पण आपल्या वागण्याने कोणाच्या डोळ्यांत पाणी तर आले नाही ना, एवढे त्या उजेडात पाहू या.