उन्मादावर उतारा शोधणारे डॉ. जॉन केड

कधी टोकाचा उन्माद, तर कधी खोल नैराश्य, असे रूप असलेल्या ‘बायपोलर डिसॉर्डर’वर आजही लिथियम हे महत्त्वाचे औषध मानले जाते. पेशींच्या वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांनाही आता या साध्या क्षाराने कोड्यात टाकले आहे. उन्मादावरील त्याचा गुण जगापुढे आणला तो ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. जॉन केड यांनी.

केड यांचा जन्म १८ जानेवारी १९१२ रोजी व्हिक्टोरिया राज्यातील मूर्तोआ येथे झाला. डॉक्टर असलेले वडील पहिल्या महायुद्धातून खचून परतले व पुढे मनोरुग्णालयांत अधिकारी झाले. त्यामुळे जॉन यांचे बालपण रुग्णालयांच्या आवारातच गेले. समाज ज्यांच्याकडे पाठ फिरवीत असे, ती माणसे त्यांच्या रोजच्या ओळखीची होती. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर साडेतीन वर्षे त्यांनी जपान्यांच्या चांगी बंदिछावणीत काढली. मनोविकारांचे मूळ शरीरातील रसायनांत असावे, ही त्यांची धारणा तेथे दृढ झाली.

युद्धानंतर मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात एका वापरात नसलेल्या खोलीत त्यांनी प्रयोग मांडले. उन्मादाच्या रुग्णांची लघवी घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि ती गिनीपिगांना टोचायची, असा तो खटाटोप! युरिक आम्लाची परीक्षा घेताना ते सहज विरघळावे म्हणून लिथियमचा आधार घेतला, तर प्राणी शांत पडून राहिले. ती शांतता कदाचित विषबाधेचीच असावी, असे पुढे अनेक तज्ज्ञांनी म्हटले. युरिक आम्लाचे गृहीतकही टिकले नाही. चुकीच्या वाटेने गेलेला हा डॉक्टर योग्य ठिकाणी पोहोचला, हे मात्र खरे.

लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिल्यावर मार्च १९४८ मध्ये त्यांनी ते ५१ वर्षांच्या एका रुग्णाला दिले. पाच वर्षे अखंड उन्मादात असलेला हा माणूस काही महिन्यांत घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. उन्मादाच्या दहा रुग्णांवरील अनुभव सांगणारा केड यांचा निबंध सप्टेंबर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्या पहिल्या रुग्णाने गोळ्या सोडल्या, आजार उलटला, उपचार पुन्हा सुरू झाले आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांतील अंतर फार थोडे होते. केड यांनी आपल्या रुग्णालयात हा उपचार थांबवला. यशाच्या पाठोपाठ आलेला हा घाव किती खोल असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे मेलबर्नमधील अन्य संशोधकांनी रक्तातील लिथियम मोजण्याची पद्धत रूढ केली. डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी १९५४ मध्ये शिस्तशीर चाचणीतून औषधाचा गुण दाखवला. अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती १९७० मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनी, १६ नोव्हेंबर १९८० रोजी केड यांचे निधन झाले.

पेशींचे विभाजन होत जाते तशी गुणसूत्रांच्या टोकांवरील ‘टेलोमिअर’ ही आवरणे झिजतात. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्या बायपोलर रुग्णांत ती अधिक लांब असल्याचे स्वीडनमधील संशोधकांना २०१३ मध्ये आढळले. कारण लिथियम की अन्य काही, हे मात्र त्यावरून ठरत नाही. लिथियम काहींनाच का लागू पडते, हे शोधण्यासाठी २०१६ मध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांची जनुके तपासली गेली, तेव्हा एक धागा २१व्या गुणसूत्रावर सापडला.