गहाण पडलेले कपाट


आपल्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजू कुटुंबांच्या घरी जातात, हे आपण जाणतोच. या सोसायटीची सुरुवात करणाऱ्यांत पुढे होता तो एक वीस वर्षांचा विद्यार्थी, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. वडील फ्रेंच डॉक्टर. पुढे कुटुंब फ्रान्समध्ये लिऑं येथे राहिले आणि १८३१ साली फ्रेडरिक कायदा शिकायला पॅरिसला गेले. पुढच्याच वर्षी तेथे कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात फ्रेडरिक ख्रिस्तसभेची बाजू हिरिरीने मांडीत. एकदा विरोधकांनी विचारले, की तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते? प्रश्न झोंबला, कारण उत्तर नव्हते. (तत्त्वज्ञान शिकलेल्या माझ्यासारख्याला येथे थोडे अवघडल्यासारखे होते. वाद जिंकणे आम्हाला फार आवडते!)

१८३३ च्या एप्रिलमध्ये काही मित्र एकत्र आले. उत्साह भरपूर, पण गरिबाच्या घरात जाऊन बोलायचे काय, हे कोणालाच माहीत नव्हते. ते शिकवले सिस्टर रोझाली रेंदू या धर्मभगिनीने. मुफ्तार भागातील गरीब वस्तीत तिची बरीच वर्षे गेली होती. तिने मुलांना कुटुंबांची नावे दिली, पाव आणि कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी देऊन लगेच निघायचे नाही, बसायचे, ऐकून घ्यायचे, कोणाचे दोष काढायचे नाहीत, हेही तिनेच सांगितले. दया उंबऱ्याबाहेर उभे राहूनही करता येते. सहवेदनेला मात्र आत जाऊन बसावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

पुढे फ्रेडरिक सॉरबॉन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८४१ साली अमेलीशी विवाह झाला, मारी ही मुलगी झाली. प्रकृती मात्र ढासळत गेली. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, मार्सेय येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले.

त्यांच्या चरित्रातला एक छोटा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. वर्षाचा पहिला दिवस होता. ओळखीच्या एका गरीब कुटुंबाने खणांचे कपाट गहाण टाकले होते. चांगल्या दिवसांची तेवढीच एक आठवण घरात उरली होती. ते सोडवून नववर्षाची भेट म्हणून द्यावे, असे फ्रेडरिकना वाटले. पत्नीने समजावले, की या पैशांचा याहून चांगला उपयोग होईल. तिचे म्हणणे रास्तच होते. कपाटाने कोणाचे पोट भरत नाही. आपणही बहुधा तेच म्हटले असते. फ्रेडरिकनी ऐकले.

संध्याकाळी घरात मारीची नवी खेळणी पसरली होती, मिठाई आली होती. फ्रेडरिक गप्प बसून होते. मिठाईला त्यांनी हात लावला नाही. पत्नीने कारण विचारले, तेव्हा ते कपाट अजून त्यांच्या मनात होते. आता तिनेच त्यांना जायला सांगितले. ते तडक निघाले, पैसे भरून कपाट सोडवले, त्या घरी पोहोचते केले आणि अगदी आनंदात परतले.