कावसजीचे नाक

नाशिक रोडच्या आमच्या ओपीडीत गालाचा कॅन्सर झालेला माणूस येतो, तेव्हा जिवाच्या आधी तो चेहऱ्याचे विचारतो. गाठ काढल्यावर जे भगदाड पडेल, ते कशाने बुजवणार? छातीची कातडी तोंडात लावू म्हटले की घरचेही घाबरतात. मग मी कावसजीची गोष्ट सांगतो. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा माणूस जगप्रसिद्ध आहे.

नाव पारशी वाटले तरी नोंदीत तो मराठा शेतकरी आहे. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचा. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत, 1792 च्या सुमारास, तो कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचाच होता. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या कुंभाराने त्याला नवे नाक बसवले. या कुंभाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, याची मला दर वेळी चुटपुट लागते.

त्याने आधी मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून पाहिला. तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांमधली पट्टी मात्र कापली नाही. तिच्यातूनच रक्त येत राहणार होते. जुना व्रण खरवडून ताजा केला, कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवली आणि कडा खाचेत बसवल्या. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपाच्या पट्ट्या ठेवल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापली. हे सारे भूल न देता! (पानातला तोच काथ आमच्या रुग्णांच्या तोंडात सुपारी-तंबाखूसोबत जातो, हेही आलेच.)

कावसजीला पुढे कंपनीचे पेन्शन मिळाले. चित्रकार जेम्स वेल्सने 1794 मध्ये त्याचे चित्र काढले. त्याच वर्षी लंडनच्या एका मासिकात ही हकिकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये तिथे तशीच शस्त्रक्रिया केली.

आपले रक्त सोबत घेऊन सरकणाऱ्या अशा कातडीला आम्ही फ्लॅप म्हणतो. कपाळाचाच फ्लॅप 1963 मध्ये मॅकग्रेगर यांनी कॅन्सर काढलेल्या तोंडात वापरला. 1979 पासून छातीच्या स्नायूसह कातडी, तिची रक्तवाहिनी न तोडता, मानेखालून वर आणली जाऊ लागली. हाताची कातडी किंवा नडगीशेजारचे बारीक हाड घ्यायचे, तर रक्तवाहिनी तोडून सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिनीला जोडतात. सुरुवातीचे काही दिवस सिस्टर त्या फ्लॅपचा रंग रात्रंदिवस पाहत असतात.

कावसजी वर्षभर थांबला, तरी त्याची जखम होती तेवढीच राहिली. कॅन्सर तसा थांबत नाही. चेहऱ्याच्या भीतीने एक गृहस्थ घरी निघून गेले होते. चार महिन्यांनी आले, तेव्हा नुसत्या गालावर भागले नाही. जबड्याचे हाडही काढावे लागले. ते पायाच्या हाडाने जोडले. आता ते मऊ भात जेवतात आणि तपासणीला वेळेवर येतात.